चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये

प्रिय बाबा,

पाकीट पाहून दचकू नका. आईने आधी उघडलं असेल तर तिला खाली बसवा, पाणी द्या आणि सांगा की कोणी गेलेलं नाही, कोणी पडलेलं नाही, मी दोन्ही पायांवर धडधाकट उभी आहे. हल्ली आपल्या घरी पत्र येतं ते एक तर वीज कापायच्या धमकीचं, नाही तर कुणाच्या लग्नाचं. दर रविवारी फोनवर बोलत असताना हिला पत्र लिहायची दुर्बुद्धी कुठून सुचली, असं तुम्ही म्हणाल. ते सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे आधी गावभर फिरून मग घरी. तुम्हीच मला 'बटण' म्हणायला लागलात, कारण लिफ्टमध्ये शिरले की सगळ्या मजल्यांची बटणं दाबल्याशिवाय मला चैन पडायचं नाही आणि बिचाऱ्या लोकांना दर मजल्यावर थांबत जावं लागायचं. हे पत्रही तसंच वाचा, थांबत थांबत.

लग्नानंतर इथे येतानाची विमानातली गंमत तुम्हाला फोनवर कधी नीट सांगितलीच नाही. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला इथे पहिल्यांदा आणलंत, तेव्हा माझे कान इतके दुखले की मी भोकाड पसरलं होतं, आणि तुम्ही खिशातून गोळी काढून म्हणालात, "चघळ, ही कानाची किल्ली आहे." या वेळी मी पर्समध्ये गोळ्यांची पुडी घेऊनच बसले होते. तुमच्या जावयांचा हा पहिलाच परदेश प्रवास, म्हणून खिडकी त्यांना दिली आणि शेवटच्या अर्ध्या तासात त्यांच्या अंगावर ओणवून मीच बाहेर बघत बसले. ढग सरले, नदीचं ते वळण दिसलं, वळणावरच्या गॅसच्या गोल टाक्या दिसल्या आणि मी त्यांचा हात दाबून म्हणाले, "आलं! माझं गाव आलं!" मी सोळा वर्षांची असताना तुमची पाठ गेली म्हणून आपण इथून गाशा गुंडाळला, त्यानंतर एवढ्या वर्षांनी मी ते वळण बघत होते. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. जावई म्हणाले, "नोकरी मला लागली आणि गाव तुझं कसं?" मी हसले. ते थट्टा करतायत असंच वाटलं मला.

खाली उतरल्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी इथल्या भाषेत, इथल्या गल्लीतल्या पोरीच्या सुरात उत्तर दिलं. बाई खूश झाल्या. कुठली शाळा, कुठला रस्ता, सगळी चौकशी झाली. मागची रांग तिष्ठत राहिली आणि जावई सामानासारखे माझ्या बाजूला उभे. बाहेर आल्यावर मी त्यांना चिडवलं, "बघा, इथे तुमचं काही चालायचं नाही हं." त्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला, स्वतःच्या पासपोर्टासोबत कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "तू विसरभोळी, हरवशील." आता मी विसरभोळी आहे हे जगजाहीर आहे. तुम्हीही त्यांच्याच बाजूने बोलला असतात.

पहिले तीन-चार महिने मी वाऱ्यावर होते. पाय आपोआप वळायचे. कुठल्या पुलाखालून गेलं की वळसा वाचतो, कुठल्या ट्रामला मागच्या दाराने चढायचं, सगळं पायांना पाठ. आम्ही राहतो त्या इमारतीत पहिल्या दिवशी शिरले आणि हसूच आवरेना, कारण लिफ्ट तुमची निघाली! तीच तुमच्या कंपनीची पितळी पट्टी, तोच आत दुमडणारा दरवाजा, आणि तिसरा मजला ओलांडताना लागणारी तीच उचकी. तुम्ही म्हणायचात ना, "या बाईला तिसऱ्या मजल्यावर उचकी लागते, तिथे हिचं कोणीतरी राहत असेल." मी ते जावयांना सांगितलं. ते म्हणाले, "लोकांना सांगत बसू नकोस की तुझे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे." मला राग आला, पण नवं लग्न, नवी नोकरी, माणूस बुजलेला असतो, म्हणून सोडून दिलं.

तुम्हाला शनिवार आठवतात का? आईची हॉटेलच्या धुलाईखान्यात पाळी असायची, मला शाळेला सुट्टी, म्हणून मी तुमच्याबरोबर. तुम्ही आणि तुमचे कामावरचे जोडीदार मिशीवाले काका पुढे, मागे मी, हातात तुमची तिकोनी किल्ली. लिफ्टची दारं बाहेरून उघडणारी ती किल्ली मिळाली की मला राज्य मिळाल्यासारखं वाटायचं. कुठे माणूस अडकल्याची खबर आली की तुम्ही गच्चीवरच्या मशीनखोलीत न जाता आधी वरच्या मजल्याचं दार जरासं उघडायचात, खाली त्या अंधाऱ्या विहिरीत तोंड घालायचात आणि छाती फुटेस्तोवर ओरडायचात, "ऐकलं!" तेही चक्क आपल्या भाषेत. अडकलेल्या माणसाला ओ की ठो कळायचं नाही, पण त्याचं रडणं थांबायचं. मी एकदा विचारलं होतं की आधी हत्यारं का नाही काढत, तर तुम्ही म्हणालात, "बटण, हत्यार दहा मिनिटं उशिरा चालतं. हे उशिरा चालत नाही." मिशीवाले काका इथलेच, त्यांना आपल्या भाषेतला हा एकच शब्द येत होता आणि तोही ते "ऐकला" असा ओरडायचे. तुम्ही कितीदा सुधारलंत, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि अडकलेल्याने काय करायचं तेही तुम्ही मला पढवून ठेवलं होतं. जमिनीवर बसायचं. बूट काढायचे. बुटाच्या टाचेने भिंतीवर तीनदा ठोकायचं, थांबायचं, पुन्हा तीनदा. दाराला हात लावायचा नाही, कारण अडकलेला मरत नाही, सुटायला धडपडणारा मरतो. मी हे इतकं मनावर घेतलं बाबा, की शाळेत शौचालयाची कडी अडकली तेव्हाही बूट काढून बसले होते. सगळे हसले होते तेव्हा, तुम्ही तर सगळ्यांत जास्त.

आता जरा वरच्या मजल्यावर चला. तुमचे जावई माझ्यावर हात उगारत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. हे आधीच सांगते, कारण तुमच्या मनात पहिलं तेच येईल. त्यांना माझी काळजी वाटते. मी कुठे आहे ते माझ्या फोनवरून त्यांच्या फोनला कळतं. दुकानात गेलो की दुकानदार माझ्याशी बोलतो, त्यांच्याशी नाही, हे त्यांना खुपू लागलं. मग बाजार तेच करू लागले आणि एकदा मीठ समजून कपड्यांचा सोडा घेऊन आले. मी हसले, त्या दिवशी ते जेवले नाहीत. भाषांतराच्या एका कचेरीत मला बोलावलं होतं, तर म्हणाले, "आधी स्थिरस्थावर तर हो." एके दिवशी मी आपल्या जुन्या घराकडे गेले. खालची शिवणवाली आजी अजून आहे. आता डोळ्यांनी दिसत नाही, पण मला बोटांनी चाचपून ओळखलं आणि म्हणाली, "तुझ्या शाळेच्या झग्याची शिलाई कितीदा उसवून वाढवली मी!" मी इतकी आनंदात घरी आले, आणि जावई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले. दोन दिवस ते जेवले नाहीत आणि मलाही घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी मीच माफी मागितली. कशाची, ते अजून मला ठाऊक नाही.

त्यानंतर माझी किल्ली हरवली. म्हणजे खुंटीवर होती ती नाहीशी झाली. मी विसरभोळी, त्यामुळे वाद मिटला. नवी करून आणतो म्हणाले, अजून आणतायत. इथल्या घरांचं दार आपण बाहेर पडलो की आपोआप लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे मला बाहेर जायला कोणाचीच मनाई नाही. फक्त परत येता येत नाही. एकदा हट्टाने गेले आणि संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून राहिले, येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. ते आले, दार उघडलं आणि गोड आवाजात म्हणाले, "बघ, म्हणून सांगत असतो." तेव्हापासून मी गेले नाही. दिवसभर या दोन खोल्यांत असते. खिडकीतून ट्राम दिसते, तिचा नंबरही तोच आहे, आपल्या जुन्या घरी जाणारा. ज्या शहरात मी नऊ वर्षांची असताना एकटी दूध आणायला जात होते, त्याच शहरात आज मला डब्यातल्या पिठासारखं झाकून ठेवलं आहे. मला गुदमरायला होतं बाबा. दुपारी कधी कधी मी उगाच दार उघडते, उंबऱ्यावर एक पाय ठेवते आणि नुसती जिन्यातला वास घेते.

रविवारचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावलेला असतो आणि जावई माझ्या शेजारी बसलेले असतात, हे तुम्हाला दिसत नाही. तुम्ही म्हणता, "आमची बटण अगदी अबोल झाली, संसारात रमली." आई म्हणते, "नशीब काढलंस, असा मवाळ नवरा शोधून सापडत नाही." जावई हसून म्हणतात, "सगळं तुमच्या आशीर्वादाने." आणि मी म्हणते, हो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, शिवाय झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला बजावत होते. खरं सांगायचं तर मला तुमचा धडा पाठ होता. बस. दाराला हात लावू नकोस. कोणीतरी येईल.

मग मागच्या महिन्यात ते झालं. आम्ही दोघं बाजारातून परत येत होतो, भर दुपारी, हातात पिशव्या. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने नेहमीची उचकी दिली, चौथा गेला आणि मध्येच गचका बसून दिवे गेले. जावयांनी पिशव्या टाकल्या आणि दाराच्या फटीत बोटं घालून ओढायला लागले. घामाने नुसते निथळत होते, ओरडत होते, तेही आपल्याच भाषेत. मी त्यांचे हात धरून मागे ओढले, खाली बसवलं, त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, माझे बूट काढले आणि टाचेने ठोकायला लागले. तीनदा. थांबले. पुन्हा तीनदा. त्यांनी माझ्या मांडीत डोकं घातलं आणि लहान मुलासारखे म्हणाले, "तू मला सोडून जाणार नाहीस ना?" मला त्यांची दया आली. आजवर त्या दयेवरच तर मी बसून होते. पण त्या डब्यात मला आणखी एक गोष्ट जाणवली. गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच मला मोकळं वाटत होतं, कारण किल्ली त्यांच्याकडेही नव्हती.

आणि बाबा, वरून आवाज आला. विहिरीतून घुमत, छाती फुटेस्तोवर. "ऐकला!"

मी रडले. ठोकणं थांबवून नुसती रडत बसले. काय करू? काकांना वाटलं असेल की आत कोणीतरी म्हातारा अडकलाय, तुमच्या वेळचा, नाही तर असं कोण ठोकतं? त्यांनी हाताने चाक फिरवून डबा पाचव्या मजल्यापाशी आणला आणि दार उघडलं. मिशा पांढऱ्याफेक झाल्यात, बाकी तेच. जावई तोवर बूट चढवून, केसांवरून हात फिरवून उभे. त्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत काकांना सांगितलं, "माझी बायको फार घाबरली होती." काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अजून जमिनीवर, अनवाणी, मांडी घालून. काका इतकंच म्हणाले, "मोठा पाना कसा आहे?" या नावाने तुम्हाला या शहरात फक्त तेच हाक मारायचे. जावयांनी विचारलं, काय म्हणाला तो? मी म्हटलं, लिफ्टचा पाना मोठा लागेल म्हणतोय. इतकं सराईत खोटं मी जन्मात बोलले नव्हते, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

नंतर आठवडाभर काकांचं काम आमच्याच इमारतीत होतं. जावई कचेरीत गेले की मी दार उघडून उंबऱ्यात उभी राहायचे आणि आम्ही बोलायचो. तुमच्या पाठीची विचारपूस झाली, गुडघ्याची झाली, तुम्ही एकदा पैज लावून नऊ मजले तारांना धरून उतरला होतात ते आईपासून लपवल्याचं कळलं. (आई, आता त्यांना धर.) पण दारांची दुरुस्ती करण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस. दुसऱ्याच दिवशी हातातलं काम थांबवून त्यांनी विचारलं, "पोरी, तू बोलताना एक पाय दारात का अडकवून ठेवतेस?" मी काहीतरी सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग मी सगळं सांगितलं, इथे लिहिलंय ते आणि लिहिलेलं नाही तेही. त्यांनी हात पुसले. मग पेटीतून लाकडी पाचर काढली, दार अडवायची, तुमच्याकडेही होती तशीच, आणि माझ्या हातात दिली. मी त्यांना तुमचं वाक्य ऐकवलं, अडकलेला मरत नाही वगैरे. ते जवळजवळ ओरडलेच माझ्यावर. म्हणाले, "ते लिफ्टचं आहे, घराचं नाही. आणि तुझा बाप हे सांगायचा ते आम्ही वर पोचून ओरडल्यावर. कोणाला ऐकूच गेलं नसेल तर बसून काय राहायचं?"

म्हणून हे पत्र. दाराला पाचर लावून, उंबऱ्याशी जमिनीवर बसून भर दुपारी लिहितेय. कागद काकांनी आणले आणि पाकीट तेच टाकणार आहेत. काकूंनी त्यांच्याकडची मागची खोली माझ्यासाठी झाडून ठेवली आहे. माझा पासपोर्ट जावयांच्या कचेरीतल्या कुलपात आहे, पण आपल्या वकिलातीत जाऊन सांगितलं तर घरी परतण्यापुरता कागद मिळतो, हे काका चौकशी करून आले आहेत. तेव्हा तुम्ही गुडघा घेऊन विमानात चढावं असं मी म्हणत नाही. चढलात तर गोळ्या घेऊन या, कान दुखतील. मला तुमच्याकडून एवढंच हवंय. हे पत्र पोचल्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन नेहमीसारखाच होईल, मोठ्या आवाजावर, जावई शेजारी. आईने हे वाचलं असेल तरी तिला नेहमीसारखं नशीब काढलंस म्हणू दे, नसेल वाचलं तर फोन झाल्यावरच सांगा. मला परत आपल्या घरात घ्यायची तुमची तयारी असेल, लोक विचारतील तेव्हा माझ्या बाजूने उभं राहायची तयारी असेल, तर बोलता बोलता मध्येच एकदा म्हणा, "ऐकलं." आईच्या "अहो, ऐकलंत का" सारखं नको, मी गोंधळेन. विहिरीत ओरडायचात तसं, तोंड भरून. जावयांना वाटेल सासऱ्यांना कमी ऐकू यायला लागलंय, वाटू दे. सोमवारी ते कचेरीत गेले की मी पाचर काढून घेईन आणि दार माझ्यामागे लागू देईन. रविवारी मी फार बोलणार नाही. तुम्ही बोला.

तुमचीच,
बटण